गजभिये बाईंचं भेव

मी एका म्हाताऱ्याच्या कानात खोकल्याचं औषध घातलं.

माझ्या हातानं नाही, त्याच्या सुनेच्या हातानं. पण शिशी मी भरली होती आणि तिच्यावर ‘कानात टाकणे’ अशी चिठ्ठीही मीच चिकटवली होती. खोकल्याचं औषध गोड असतं. दोन-तीन दिवसांनी म्हातारा दवाखान्यात आला तेव्हा त्याच्या कानाकडे लाल मुंग्यांची रांग लागलेली होती.

ही गोष्ट ऐंशीनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. सौंसर आणि पांढुर्णा यांच्या मधे, रस्त्याला लागून, एका ट्रस्टचा छोटासा दवाखाना होता. आता तिथे संत्र्याचं गोदाम आहे, त्यामुळे ट्रस्टचं नाव सांगून कोणाचं भलं व्हायचं नाही. मी तिथे कंपाउंडर होतो. नागपूरहून औषधांचा डिप्लोमा घेऊन नुकताच परतलेला, बारीक मिशी ठेवलेला, आणि जगातल्या सगळ्या शिश्या आपल्याला नावानिशी ओळखतात अशा समजुतीत वावरणारा.

त्या काळी दवाखाना औषध द्यायचा, शिशी द्यायचा नाही. शिशी घरून आणायची. कोणी अत्तराची आणी, कोणी दारूची, आणि बहुतेक जण खोबरेल तेलाची. शिशी भरायची, बाहेरून कागदाची पट्टी कातरून डोसाच्या खुणा करायच्या, वर एक चिठ्ठी खळीनं चिकटवायची. तिगावचं ते जोडपं आलं तेव्हा दोघांच्याही शिश्या खोबरेल तेलाच्याच होत्या. म्हाताऱ्याचा कान वाहत होता आणि म्हातारीला खोकला होता. मी दोन्ही शिश्या भरल्या, चिठ्ठ्या लावल्या आणि खळ वाळायच्या आत सरकून त्या खाली पडल्या. मी त्या उचलून पुन्हा लावल्या. अंदाजानं.

मुंग्या पाहून सगळा दवाखाना हसला. आमचे तिवारी डॉक्टर जबलपूरकडचे, एरवी गंभीर माणूस. म्हाताऱ्याच्या कानात तेल सोडता सोडता त्यांचेही खांदे हलत होते. मीही हसलो. आपल्याच मूर्खपणावर आधी आपण हसावं, म्हणजे बाकीचे लवकर थांबतात, हा माझा जुना अनुभव.

एकच माणूस हसलं नाही. वॉर्डाच्या दारात गजभिये सिस्टर उभ्या होत्या. बुटक्या, पांढऱ्या पातळातल्या, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांचा चेहरा पातळासारखाच झाला होता. त्या माझ्याकडे आल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “कानाच्या शिशीत खोकल्याचं होतं. त मंग खोकल्याच्या शिशीत काय हाय?”

माझं हसू तोंडातच राहिलं. कानाचं औषध म्हणजे ग्लिसरीनमध्ये कार्बोलिक. कानाला ठीक. घशाला लागलं तर घसा भाजून काढेल, आणि पोटात गेलं तर पुढचं मला परीक्षेत आलं होतं.

बाईंनी म्हाताऱ्याच्या बऱ्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, बुढी औषध घेते का?

“घेत असन,” म्हातारा म्हणाला. “खोकलून त राहिली होती. आता नाही आयकू येत मले.”

आता तिचा खोकला थांबला, का याचा कानच बंद झाला, का आणखी काही झालं, हे त्या वाक्यावरून कळायला मार्ग नव्हता. दवाखान्याची गाडी नागपूरला गेलेली. माझी सायकल होती. गजभिये बाई जन्मात कधी सायकलवर बसल्या नव्हत्या. त्या दिवशी मागच्या कॅरिअरवर बसल्या आणि माझ्या शर्टाची पाठ मुठीत धरून तिगावापर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मी मात्र मनातल्या मनात जामसांवलीच्या मारुतीशी बोलत होतो. निघताना एक नारळ कबूल केला होता. संत्र्याच्या बागा संपून स्टेशन दिसू लागलं तेव्हा आकडा बराच वर गेला होता. घराशी पोचलो तर अंगणात कोणी नाही, दार लोटलेलं, आत अंधार. मला सायकल स्टँडवर लावता येईना. बाई आत गेल्या. मी बाहेर उभा राहिलो, कारण आत काय दिसेल ते पाहायची माझी छाती नव्हती.

मग आतून खोकला ऐकू आला. तेवढा गोड खोकला मी आयुष्यात दुसरा ऐकला नाही.

म्हातारीनं शिशी कोनाड्यात ठेवली होती. पहिल्या दिवशी चमचा तोंडाशी नेला तर दवाखान्याचा वास आला, म्हणून तिनं तो परत शिशीत ओतला. ती बाईंना म्हणाली, “सुनेनं सांगतलं, याच्या कानातली दवाई गोड हाय म्हनून. गोड ते त्याले अन् कडू ते मले. जनमभर असंच चालून राहिलं वो बाई.”

बाई उंबरठ्यावर बसल्या. पाणी मागितलं. पिताना अर्धं पातळावर सांडलं. मग त्यांनी शिशीचं बूच घट्ट बसवलं, ती पिशवीत घातली आणि उठल्या. येताना त्या सायकलवर बसल्या नाहीत. “चिठ्ठ्या लावतो तशीच सायकल चालवतो तू,” म्हणाल्या आणि बसची वाट पाहत उभ्या राहिल्या.

त्या दिवसापर्यंत मीही इतरांसारखा त्यांना भित्र्या समजत होतो. सगळा दवाखाना समजायचा. पन्नाशी कधीच ओलांडलेली बाई, उभा जन्म सुया टोचण्यात गेलेला, आणि तरी इंजेक्शन भरताना असा चेहरा की साप टोपलीत घालून राहिल्या आहेत. त्या सुई भरत असताना जवळ कोणी बोललेलं चालायचं नाही. डॉक्टरांनी तोंडी काही सांगितलं की त्या ते तसंच्या तसं त्यांना परत म्हणून दाखवायच्या आणि डॉक्टर ‘हो’ म्हणेपर्यंत जागच्या हलायच्या नाहीत. तिवारी डॉक्टर सुरुवातीला वैतागायचे. नंतर एकदा मला म्हणाले, “धोटे, बाई विचारते ना, तो मेरेकोबी सुनाई देता है मी काय बोललो ते.” पुढे पुढे तर बाई रजेवर असल्या की डॉक्टर स्वतःच्याच सूचना स्वतःला दोनदा म्हणून दाखवताना मी ऐकलं आहे.

पोटॅशियमच्या इंजेक्शनाच्या नळ्या त्यांनी वॉर्डातून उचलून एका पितळी डब्यात कुलूपबंद केल्या होत्या. दिसायला साधं पाणी. सलाइनच्या बाटलीत घालून थेंब थेंब दिलं तर माणूस वाचतो, तेच पाणी समजून सरळ शिरेत गेलं तर काळीज जागच्या जागी थांबतं. किल्ली बाईंच्या कमरेला. डब्यात काय आहे असं नव्या माणसानं विचारलं तर सांगत, “यम हाय. झोपला हाय. हात नको लावू.”

आणि त्यांचं ते वाचायला लावणं. कुठलंही इंजेक्शन देण्याआधी त्या काचेची नळी स्वतः वाचत, मग जवळ जो साक्षर माणूस असेल त्याच्यासमोर धरत आणि म्हणत, “वाच.” आत काय आहे ते स्वतः सांगत नसत. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, बाई, तुम्ही नाव सांगा, मी हो म्हणतो, काम जल्दी होईल. बाई म्हणाल्या, “मी नाव सांगतलं त तुह्या डोळ्याले तेच दिसन. मले तुह्ये डोये पाह्यजेत, तुह्यी मान नाही पाह्यजे.” दिल्यानंतर रिकामी नळी फेकायच्या नाहीत. मरीज स्वस्थ होईपर्यंत ती ट्रेमध्ये पडून राहायची, आणि मग टाकण्याआधी त्या तिच्याकडे शेवटचं एकदा पाहून घ्यायच्या. जाणाऱ्या पाहुण्याकडे पाहावं तसं.

तिगावच्या प्रकारानंतर मी जामसांवलीला जाऊन नारळ फोडले. प्रसाद सगळ्यांना वाटला, बाईंनाही. बाई बौद्ध, पौर्णिमेला सौंसरच्या विहारात जायच्या, मारुतीचं त्यांना काही नव्हतं. पण खोबरं त्यांनी आवडीनं खाल्लं आणि हात पुसत म्हणाल्या, “नारळ तू त्याले दे बापा. मले चिठ्ठी बरोबर लावून दे.”

मी शहाणा झालो असं आता वाचणाऱ्याला वाटेल. माझ्या घरच्यांनाही वाटलं होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याची गोटमार. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्ण्याचे, दुसऱ्या काठावर सावरगावचे, मधे पात्रात पळसाचं झाड रोवलेलं, त्यावर झेंडा, आणि दिवसभर एकमेकांवर दगड. तिथल्या दवाखान्यात जागा उरली नाही की फुटलेली डोकी आमच्याकडे यायची. नदीवर एकमेकांचा जीव घ्यायला निघालेले दोन्ही काठांचे लोक आमच्या ओट्यावर मांडीला मांडी लावून बसत आणि एकमेकांना तंबाखू देत. तिवारी डॉक्टर आत टाके घालत. बाहेरच्या खोलीत बाई धनुर्वाताची इंजेक्शनं देत. ते औषध तेव्हा घोड्याच्या रक्तापासून केलेलं असायचं. कोणाकोणाच्या अंगाला ते सोसत नाही, आणि ज्याला सोसत नाही तो बघता बघता जातो. म्हणून आधी हाताच्या कातडीत एक थेंब टोचायचा, थोडा वेळ थांबायचं, तिथं काही उठलं नाही तरच पुरी सुई.

त्या गर्दीत ‘थोडा वेळ थांबा’ हे सांगणं सोपं नव्हतं. ओट्यावर आरडाओरडा वाढत चालला. कोणीतरी बाईंच्या टेबलाला लाथ मारली. पण बाई थेंब टोचत होत्या आणि प्रत्येकाला बाजूला बसवत होत्या. “सकायपासून दगड खाऊन राहिले निवांत,” त्या म्हणत होत्या, “अन् सुई खायचीच घाई सुटली काय तुमाले?”

माझ्या मावसभावाचा साळा त्या गर्दीत होता. पहिलवान गडी. भुवई फुटलेली, आणि सगळ्यात मोठा आवाज त्याचाच. मला त्याच्यापुढे माझं वजन दाखवायचं होतं. त्याला मी मागच्या दारानं आत घेतला, सरळ बाईंच्या पुढ्यात उभा केला आणि म्हणालो, बाई, याची टेस्ट झाली.

बाईंनी सुई भरलेली होती. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “कुठी झाली? दाखव.”

पहिलवानानं दोन्ही हात पुढे केले. कुठेही टोचल्याची खूण नव्हती.  बाईंनी पुरी सुई खाली ठेवली, थेंबाची उचलली, त्याच्या हातात टोचली आणि त्याला स्टुलावर बसवलं. तो माझ्याकडे पाहून हसत होता. हसता हसता हात खाजवू लागला. टोचल्या जागी लाल गांध उठली, वाढत वाढत कोपरापर्यंत गेली, आणि पहिलवानाच्या कपाळावर घाम आला. “छातीत कसं तरी होऊन राहिलं वो बाई,” तो म्हणाला. मघाच्या त्या आवाजातला आता कण उरला नव्हता.

बाईंनी त्याला आडवं केलं, दुसरी एक नळी फोडून तयार ठेवली, आणि त्याच्या उशाशी बसून राहिल्या. हळूहळू ते उतरलं. ओट्यावरचे सगळे दारातून पाहत होते. त्यानंतर कोणी घाई केली नाही. मी भिंतीला टेकून उभा होतो, आणि माझ्या डोक्यात एकच हिशेब चालला होता: एका थेंबानं हे, तर पुऱ्या सुईनं काय झालं असतं.

ती तयार ठेवलेली नळी अ‍ॅड्रिनलिनची. अशा वेळी तीच जीव वाचवते. संध्याकाळी बाईंनी मला सांगितलं, ही दवाई कपाटात समोरच ठेवत जा, शोधावी लागली नाही पाह्यजे. मी लगेच ठेवली. इतका आज्ञाधारक मी क्वचितच असतो, आणि त्याचं फळ काय मिळालं ते सांगतोच.

त्यांना इतकी भीती का वाटते याबद्दल दवाखान्यात एक कथा होती. पूर्वी कधीतरी, दुसऱ्या गावी, बाईंच्या हातून एक मरीज गेला म्हणे. कोण म्हणे लेकरू होतं, कोण म्हणे बाळंतीण. प्रत्येकाकडे वेगळा मुडदा. शेवटी एका दुपारी, ओट्यावर संत्रं सोलत बसलो असताना, मी सरळ विचारलं.

बाईंनी फोडीवरचा पांढरा धागा काढला. “कोनी नाही गेलं,” म्हणाल्या.

मग काहून इतकं भेव?

“नाही गेलं म्हनून त. ज्याच्या हातून एकडाव झालं, त्याचं भेव तेथं संपते. तो रडते, अन् मंग जगते. माह्यं अजून बाकी हाय.” मग दुसरी फोड उचलून म्हणाल्या, “आता थोडेसेच दिवस राहिले नोकरीचे. तसंच निंघून जावं वाटते. माह्या हातानं कोनाचं घर बुडाल्याबिगर.”

एवढंच त्यांचं मागणं होतं. बढती, बदली, सत्कार, कशाबद्दल त्या कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षातली गोष्ट. कपाशीवर फवारणीचे दिवस. त्या दिवसांत वाऱ्याच्या तोंडावर फवारा मारणारे मजूर बेशुद्ध होऊन यायचे. सुखदेव नावाचा तरणा गडी असाच बैलगाडीत घालून आणला. तोंडातून फेस, अंग घामानं निथळत, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत पाणी खळखळल्यासारखा आवाज. बरोबर त्याची बायको कमला. ती रडत नव्हती. नवऱ्याची चप्पल हातात धरून भिंतीशी उभी होती.

या विषावर औषध एकच, अ‍ॅट्रोपिन. शिरेतून द्यायचं, पाहायचं, पुन्हा द्यायचं, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत आणि तोंड कोरडं पडेपर्यंत देत राहायचं. वॉर्डातल्या नळ्या भराभर संपल्या. बाई म्हणाल्या, आण. मी धावलो, कपाटातून अ‍ॅट्रोपिनचा खोका उचलला आणि धावत परत आलो.

आता त्या खोक्याबद्दल. गोटमारीनंतर अ‍ॅड्रिनलिन मी समोर ठेवलं होतं. पुढे पावसाळ्यात कपाटात ओल आली आणि त्याचा कागदी खोका लगदा झाला. नळ्या उघड्या ठेवणं बरं नाही, म्हणून मी त्या अ‍ॅट्रोपिनच्या रिकाम्या खोक्यात भरून ठेवल्या. वर चिठ्ठी नंतर लावू म्हटलं. दोन्ही नळ्या सारख्याच बोटभर, सारख्याच पांढऱ्या काचेच्या, वर सारखीच मुंगीएवढी अक्षरं.

बाईंनी नळी माझ्यासमोर धरली. “वाच.”

मी माझ्या हातातल्या खोक्याकडे पाहिलं आणि म्हणालो, “अ‍ॅट्रोपिन.”

बाईंनी नळी फोडली, भरली, सुखदेवच्या शिरेत द्यायला सुरुवात केली. त्या नेहमीच हळू द्यायच्या, एक हात मरीजाच्या छातीवर ठेवून. सुई अर्धी गेली असेल नसेल, त्या थांबल्या. छातीवरचा हात झटक्यानं उडाला. सुखदेवचं काळीज कातडीखाली दिसेल इतकं उसळत होतं, ओठ पांढरे पडले होते. बाईंनी सुई उपसली, ट्रेमधली फुटकी नळी उचलली, खिडकीच्या उजेडात नेली. त्यांची पाठ माझ्याकडे होती. ती पाठ मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. 

मग त्या वळल्या आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, “साहेब, मी याले अ‍ॅड्रिनलिन देल्लं. अर्धं गेलं. अर्धं सुईत हाय.”

तिवारी डॉक्टर दोन ढांगांत खाटेशी आले. कोणी ओरडलं नाही. डॉक्टरांनी नाडी धरली, ऑक्सिजन वाढवायला सांगितलं, आणि आम्ही उभे राहिलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. ते औषध चढतं तसं लवकर उतरतं, हे मला पाठ होतं. पण तोवर विषानं थकलेलं काळीज टिकेल का, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. मला जामसांवली आठवली नाही, नारळ आठवला नाही. मला फक्त कमलेच्या हातातली चप्पल दिसत होती. चपलेचा अंगठा तुटला होता आणि तारेनं बांधला होता.

बाई कमलेपुढे जाऊन उभ्या राहिल्या. “बाई, तुह्या मानसाले मी दुसरी सुई टोचली. चुकीची. आता साहेब पाहून राहिले. तो वाचला नाही त ते निस्तं विषानं नाही, माह्या हातानंबी असन. तुले हे मालूम असू दे.”

 कमलेनं एवढंच विचारलं, “मंग आता बरोबरची देता का?”

“देतो,” बाई म्हणाल्या.

नाडी खाली आली. हळू आली, अडखळत आली, पण आली. बाईंनी कपाटातल्या सगळ्या नळ्या टेबलावर ओतल्या, एकेक उजेडात धरून वेगळी केली, आणि पुन्हा अ‍ॅट्रोपिन सुरू झालं. या वेळी प्रत्येक नळी मी बोट ठेवून वाचली, दोनदा, आणि माझा आवाज असा काही फाटत होता की डॉक्टरांनी मला पाणी प्यायला पाठवलं. दिवस कलला तेव्हा सुखदेवनं कोरड्या तोंडानं पाणी मागितलं आणि पाणी न मिळाल्यावर बायकोला शिवी दिली. कमला तेव्हा रडली.

मग डॉक्टरांच्या खोलीत बाई गेल्या, मला घेऊन. माझ्या मनात एक आशा होती, लपवत नाही: की बाई थोर आहेत, वयानं मोठ्या आहेत, जाताहेत, सगळं आपल्या अंगावर घेतील. बाईंनी तसलं काही केलं नाही. त्यांनी सरळ सांगितलं, यानं एकाच्या खोक्यात दुसऱ्याच्या नळ्या भरल्या आणि काच न पाहता वाचलं. आणि मी काचेवर नजर टाकली नाही, याच्या आवाजावर गेली. दोघांचं.

 डॉक्टर म्हणाले, इसको निकालना पडेगा.

“नका काढू जी,” बाई म्हणाल्या. “आज याच्या पोटात भेव गेलं. हा गेला त दुसरा येईन, तो बिनभेवाचा येईन. त्याले भेव येईस्तोवर कोन मरन, काय मालूम?”

डॉक्टरांनी मला काढलं नाही. बाहेर येताना बाईंनी दाराची चौकट धरली आणि तिथेच खाली बसल्या. मी हात द्यायला गेलो तर म्हणाल्या, राहू दे, तुहाच हात कापून राहिला.

त्यांचा निरोप समारंभ झाला. हार घातला तेव्हा मान खाली घालून उभ्या होत्या, आणि त्यांचे खांदे प्रथमच सैल दिसले. कोणाचं घर बुडालं नव्हतं. सौंसरला भाच्याकडे राहायला गेल्या. दवाखाना पुढे बंद पडला. मी पांढुर्ण्यात औषधांचं दुकान टाकलं, नव्वद साल यायला थोडा अवकाश होता तेव्हा. उद्घाटनाला मी कोणा पुढाऱ्याला बोलावलं नाही. सौंसरला जाऊन बाईंना आमंत्रण दिलं.

त्या बसनं आल्या. केस सगळे पांढरे झाले होते आणि चष्मा नवा होता. फीत त्यांच्या हातानं कापली. माझ्या बायकोनं पेढे दिले, ते त्यांनी पदरात बांधून घेतले. मग कितीतरी वेळ त्या दुकानात फिरत होत्या, हात मागे बांधून, एकेका खणापुढे थांबत. मी त्यांच्यामागे. मी सगळं त्यांच्याच शिस्तीनं लावलं होतं. सारखी दिसणारी औषधं दूर दूर, जहाल होती ती कुलपात, प्रत्येक खणावर मोठ्या अक्षरांत नाव. रात्रंदिवस खपलो होतो. आता काहीतरी बोलतील म्हणून मी वाट पाहत होतो, शाळेत निकालाच्या दिवशी पाहायचो तसा. त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या लागत, हे मला माहीत होतं. मी आधीच महिन्याच्या गोळ्या काढून पुडीत बांधून ठेवल्या होत्या. त्या पुढे केल्या आणि म्हणालो, बाई, आजपासून तुमच्या गोळ्या माझ्याकडून, पैसे घेणार नाही.

बाईंनी पुडीकडे पाहिलं. वर चिठ्ठी नव्हती. घेतली नाही. पायरी उतरल्या, माझ्या लेकीच्या गालाला हात लावला आणि बस लागली होती तिकडे निघाल्या. दोन पावलं जाऊन वळल्या.

“दुकान चांगलं हाय, धोटे,” म्हणाल्या. “गोळ्या मी सौंसरलेच घेत जाईन.”